पांढऱ्या पट्ट्याचा पंप

पाठीवर घेऊन पिकात फिरायचा फवारणीचा पंप तुम्ही पाहिला असेल, मित्रांनो. मी त्यांतलाच एक, वयाने जुना आणि पोटाने कोरा. माझ्या पोटात आजवर पाण्याशिवाय काही पडले नाही. ही बढाई नाही, माझे कामच तसे होते.

कारखान्यात गरम साच्यातून मी माझ्या भावंडांबरोबर बाहेर पडलो. पोट तेच, दांडा तोच, तोटीही तीच. ट्रकमध्ये एकमेकांना खेटून येताना आम्ही मोठमोठ्या गप्पा मारल्या. कोण अळीला लोळवणार होता, कोण तुडतुड्यांना पळवणार होता. मी मनाशी कपाशीवरचा मावा धरला होता. मावा म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा किडा. पानाच्या पाठीला हजारांनी चिकटतो, रस शोषतो, आणि हिरवेगार पान वाटीसारखे आकसून जाते. असा वैरी मिळाला तर जन्माचे सार्थक, असे मला वाटे.

आम्ही उतरलो ते एका संशोधन केंद्रात. तिथे कपाशीचे चौकोनी वाफे होते आणि प्रत्येकावर वेगळे कीटकनाशक फवारून पाहत. ते काम एका बाईंकडे होते. दिवसभर भिंग डोळ्याला लावून पाने उलटवायच्या, म्हणून सगळे त्यांना मावाबाई म्हणत. त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, "आमची सून रानात किड्यांचे पाय मोजते, आणि घरी तांदूळ निवडायला बसली की खडा दिसत नाही." हे बाईच हसत हसत सगळ्यांना सांगायच्या.

बाईंनी रंगाचा डबा उघडला आणि माझ्या भावंडांच्या पोटावर लाल पट्टे ओढले. ते औषधाचे पंप. माझ्या पोटावर पांढरा पट्टा आला. मी पाण्याचा पंप.

मला अगदी रडू कोसळले असते, पण पंपाला गळणे शोभत नाही. केंद्रात फवारणी करणारे फवारेकाका मला पाठीवर घेत, दांडा मारत आणि एका वाफ्यावर निव्वळ पाणी उडवत. वाफ्यांतले तण निंदणाऱ्या बायका बांधावरून गाणे म्हणत:

पांढरा गं पट्टा, याच्या पोटी नाही काही,
पाण्याचा पाहुणा, याला विष ठाऊक नाही.

हसणाऱ्यांचे दात दिसतात, आपण आपले काम पाहावे. पण माझे काम तरी काय, हे मला एके दिवशी बाईंच्याच तोंडून कळले. नुसते पाणी कशाला उडवता, असे बायकांनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "औषधाच्या वाफ्यात माणूस फिरतो, झाडं हलतात, तुषारांचा मार बसतो. तेवढ्यानंही थोडा मावा झडतो. मग औषधानं किती मेला, हे कळायचं कसं? पाण्याचा वाफा खरा राहिला तरच बाकीचे खरे."

त्या दिवसापासून मी ताठ उभा राहू लागलो. तराजूत एका बाजूला माल असतो आणि दुसऱ्या बाजूला वजन. मी वजन होतो.

मग ते वर्ष आले. जुनी औषधे माव्याने पचवून टाकली होती. पाने चिकट होत होती, त्यांवर काजळी धरत होती. बाईंनी एक नवे औषध निवडले आणि मोठ्या साहेबांकडे हट्ट धरून त्याची चाचणी मिळवली. साहेबांनी स्पष्ट बजावले होते की ही एकच संधी. औषध कसोटीला उतरले तर पुढच्या पेरणीला शेतकऱ्यांना सांगू, नाही उतरले तर ते कायमचे बाजूला.

फवारणीच्या आदल्या दिवशी माझी नळी तडकली. फवारेकाकांचा माझ्यावर जीव होता. कोपऱ्यात एक लाल पट्ट्याचा पंप मोडून पडला होता. सुरुवातीला नव्या औषधाची थोडी फवारणी करून पाहिली होती ती त्यानेच. त्याची नळी नवीकोरी दिसत होती. काकांनी ती काढली, फडक्याने बाहेरून लखलखीत पुसली आणि मला बसवली. "आमच्या पांढरोबाला नवा घसा," म्हणून माझ्या पाठीवर थापही मारली.

माझ्या घशात मात्र कडू कडू झाले. पोट माझे आणि घसा दुसऱ्याचा. मी तोटीतून दोन थेंब गाळले, दांडा कुरकुरवला. काकांनी दांड्याला तेल सोडले. मुक्याचा बोभाटा कोण ऐकणार?

फवारणी झाली. नंतर बाईंनी पाने उलटून पाहिली तर नव्या औषधाच्या वाफ्यात मावा नाही, आणि माझ्या पाण्याच्या वाफ्यातही नाही. केंद्रभर हसू पसरले. कोणी म्हणाले, आता दुकानात पाणीच बाटलीत भरून विका. साहेब हसले नाहीत. त्यांचे म्हणणे सरळ होते: पाण्याच्या वाफ्यातलाही मावा गेला, म्हणजे तो हवापाण्याने गेला. यात औषधाचे श्रेय ते काय? त्यांनी चाचणी बंद करायचे ठरवले.

बाईंनी वाद घातला नाही. भर दुपारी त्या माझ्या वाफ्यात उकिडव्या बसल्या. या वेळी त्यांनी पान सोडून माती पाहिली. झाडाच्या बुंध्याशी ढालकिडे उताणे पडले होते. ढालकिडा म्हणजे पाठीवर ठिपके असलेला तो छोटा लाल किडा, माव्याला वेचून खाणारा, आपल्या कपाशीचा राखणदार. बाईंनी एक तळहातावर घेतला, फुंकर घातली. तो हलला नाही.

"पाण्यानं मावा धुतला जाईल एक वेळ," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पण हा बहाद्दर पावसात भिजून उडणारा. हा पाण्यानं मरायचा नाही."

त्या तडक गोदामात आल्या. माझे झाकण उघडून त्यांनी आत पाहिले. तिथे स्वच्छ पाणी होते. मग बांधापलीकडच्या, फवारणी न झालेल्या झाडांवरून माव्याने भरलेली पाने आणली. काही पानांवर माझ्या पोटातले पाणी वाटीने शिंपडले, आणि काहींवर तेच पाणी नळीतून तोटीने उडवले. पाने वेगवेगळ्या ताटल्यांत झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी भिंग लावले तर वाटीच्या पाण्याचा मावा खुशाल पाय हलवत होता. नळीच्या पाण्याचा मावा वाळून पडला होता.

"काका, ही नळी कुठली?"

फवारेकाकांनी आडपडदा न ठेवता सगळे सांगितले आणि मान खाली घातली. "मला वाटलं, बाई, चांगली नळी वाया कशाला घालवायची? मी पुसली होती हो."

"बाहेरून पुसलीत, काका. औषध आत राहतं. रबर ते पिऊन बसतं." बाईंनी त्यांच्या हातात भिंग दिले. "पण हे बघा तरी. आपलं औषध हरलेलं नाही."

तिथून त्या साहेबांकडे गेल्या आणि काकांच्या हातून मलाही नेले. टेबलावर दोन ताटल्या मांडल्या. "साहेब, औषध एका वाफ्यात नाही, दोन वाफ्यांत जिंकलंय. दुसऱ्यात तर नुसत्या नळीत राहिलेल्या थेंबांवर. पण ढालकिडेही मेलेत, तेही मी लपवणार नाही. मला बांधापलीकडची, न फवारलेल्या कपाशीची पट्टी द्या. नवी नळी लावून पुन्हा करते."

साहेबांनी भिंगातून बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "मावाबाई, तुम्ही माव्यापेक्षा चिवट आहात. घ्या पट्टी."

पट्टीवर नवे वाफे पडले. या वेळी माझी नळी कोरी होती, काकांनी दुकानातून आणून बाईंसमोर बसवलेली. पोट माझे, घसाही माझा. औषधाच्या वाफ्यात मावा पडला. माझ्या वाफ्यात तो भरभरून राहिला आणि त्याच्या मागोमाग ढालकिडेही आले. माझ्या वाफ्यातला मावा पाहून एवढा आनंद झालेल्या बाई मी दुसऱ्या पाहिल्या नाहीत. औषध शेतकऱ्यांपर्यंत गेले, पण बाईंच्या अटीसह: पाने आकसू लागली तरच फवारा, आणि ढालकिडे पुष्कळ दिसले तर हात आवरा, त्यांना त्यांचे काम करू द्या.

पुढे बॅटरीचे पंप आले आणि आम्ही गोदामाच्या कोपऱ्यात गेलो. धूळ बसली, माझ्या झाकणाखाली कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले. एके दिवशी माझ्या लाल पट्ट्याच्या भावंडांच्या पोटांना भोके पाडली गेली. विष प्यायलेल्या भांड्यात कोणी चुकून पाणी भरू नये, म्हणून त्यांना मोडीतच जावे लागते. आयुष्यभर मी त्यांचा हेवा केला होता. त्या दिवशी मी त्यांना मनोमन नमस्कार केला. कपाशीसाठी त्यांनी काय काय पोटात घातले होते!

मला मात्र निवृत्त होणाऱ्या बाईंनी घरी नेले. दारातच सासूबाई आडव्या आल्या. "विषाचा डबा माझ्या घरात नको."

"आई, विष याला ठाऊकच नाही," बाई म्हणाल्या, आणि बांधावरचे ते गाणे त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवले. सासूबाईंनी ऐकून घेतले, चष्मा लावून माझे पोट, झाकण आणि विशेषतः नळी तपासली, आणि म्हणाल्या, "बरं, जाईला पाणी घालू दे."

आता मी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतो. मित्रांनो, तुमच्या हाती कोणतेही भांडे, अवजार, यंत्र आले तर ते नुसते बाहेरून पुसू नका, आतून धुवा. औषधाचे ते औषधालाच ठेवा, पाण्याचे पाण्याला. आणि जो नुसता पाणी घेऊन उभा दिसतो, त्याला बिनकामी म्हणू नका. बाकीच्यांचे खरे-खोटे त्याच्यावरून कळते.

काल जाईच्या कळीवर थोडा मावा दिसला. बाईंनी भिंग आणले, सासूबाईंनी माझे झाकण उघडून औषध मागितले. तेवढ्यात पानाआडून एक ढालकिडा चालत आला. बाईंनी भिंग खाली ठेवले आणि माझे झाकण लावून टाकले.