डावीकडे ओढणारी गाडी

"कोणाला पटणार नाही, पण ही गाडी लाजाळू आहे," असं म्हणत दादांनी आपल्या छोट्या गाडीच्या पुढच्या चाकाला चपलेनं हलकेच डिवचलं. "समोरून ट्रक आला की अंग चोरून डावीकडे सरकते. आता ह्यात माझा काय दोष?"

मिस्त्री गाडीखाली आडवा झाला होता. तिथूनच त्याचा आवाज आला.

"मागच्या खेपेला म्हणालात, तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं."

"तेही आहेच."

गॅरेजच्या दाराशी हाताची घडी घालून उभ्या असलेल्या दादांच्या लेकीला हसू आलं नाही. महिन्याभरात गाडी तीनदा फुटपाथवर चढली होती. परवा तर फुलवाल्याच्या दोन बादल्या आडव्या झाल्या. फुलवाला वेळीच मागे सरला म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी तिनं किल्ली मागितली. दादा म्हणाले, दोष गाडीत आहे. शेवटी बापलेकीत ठरलं, की मिस्त्री सांगेल तो निकाल. गाडीत काही निघालं तर किल्ली दादांकडे, नाही निघालं तर लेकीकडे. आणि लेक शब्दाची पक्की होती.

"ही तर काहीच नाही," दादा पुढे म्हणाले. "हिच्या आधीची गाडी आठवते ना? तिचे शॉक इतके कडक, की रस्त्यात पडलेल्या नाण्यावरून चाक गेलं तर छापा की काटा, ते बसल्या जागी कळायचं."

"आणि टायर?" मिस्त्रीनं खालून विचारलं.

"टायरांचं विचारू नकोस. माशी बसली तर घसरायची. एकदा भर पावसात ब्रेक दाबला आपल्या घरापाशी, आणि गाडी थांबली ती सासुरवाडीच्या दारात. सासऱ्यांना वाटलं, जावई जेवणाची वेळ साधून आला."

गाडीखालून खोखो हसू आलं. मिस्त्री तीस वर्षं ह्या थापा ऐकत होता, आणि त्यातली एकही त्यानं कधी अर्ध्यावर तोडली नव्हती.

"बाबा, विषय ह्या गाडीचा चाललाय," लेक म्हणाली.

मिस्त्री बाहेर आला. त्यानं बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवून भार दिला आणि एकदम हात काढले. गाडीचं नाक खाली गेलं, वर आलं आणि जागच्या जागी स्थिरावलं. मग त्यानं डावं चाक उतरवलं. टायरच्या नक्षीवरून आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत सावकाश हात फिरवला. पुढे त्याची बोटं टायरच्या बाजूवर गेली आणि तिथं थबकली. रबराचे पापुद्रे निघाले होते, रिमची कड दगडाला घासून कुरतडल्यासारखी झाली होती. चाक बसवून त्यानं नट आवळले.

"एक चक्कर मारून येऊ. बसा, दादा."

दादा सवयीनं उजव्या दाराशी गेले. तिथं मिस्त्री आधीच बसला होता. मग ते वळसा घालून पलीकडे गेले. गाडी घेऊन अकरा वर्षं झाली होती, पण ह्या बाजूला ते कधी बसले नव्हते. ती बायकोची जागा.

मागचा रस्ता सरळसोट आणि रिकामा होता. मिस्त्रीनं वेग धरला आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले. गाडी पट्टीनं रेघ ओढावी तशी चालली. ना इकडे, ना तिकडे. दादा समोर बघत राहिले.

एवढ्यात डावीकडच्या गल्लीतून एक सायकलवाला आला. तो अगदी काचेसमोर येईपर्यंत दादांना दिसलाच नाही. मिस्त्रीनं ब्रेक दाबला तसा दादांचा हात आपोआप दारावरच्या मुठीकडे गेला, आणि ती मूठ एका बाजूनं निखळून त्यांच्या हातात लोंबायला लागली. एक स्क्रू पडून गेला होता, दुसरा जेमतेम धरून होता. मुठीच्या आतल्या बाजूला नखांचे ओरखडे होते, एकावर एक.

"हे कधी निघालं?"

"एका दिवसात नाही निघत ते," मिस्त्री म्हणाला. "वहिनी काही बोलल्या नाहीत?"

"ती? ती म्हणते, छान चालवता."

परतताना दादांनी एकही गोष्ट सांगितली नाही. मिस्त्रीनं दोनदा त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"काय निघालं, काका?" गाडी थांबते न थांबते तोच लेकीनं विचारलं.

मिस्त्रीनं फडक्याला हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिला.

"डाव्या चाकाचे रबरी बुश गेलेत," तो फडक्याकडे बघत म्हणाला. "चाक जागा सोडतं, म्हणून गाडी ओढते. दोन तासांचं काम. मग दादांनी खुशाल वहिनींना घेऊन फिरावं."

"म्हणजे खरंच गाडीचाच दोष?"

"गाडीचाच."

लेकीच्या हाताची घडी सुटली. "सॉरी हं, बाबा," ती हळूच म्हणाली.

मिस्त्रीनं किल्ली दादांपुढे धरली. दादांनी ती घेतली नाही. गुडघ्यावर हात टेकत ते डाव्या चाकापाशी उकिडवे बसले आणि लेकीला जवळ बोलावलं.

"खोटं बोलतोय हा. बुश गेले असते तर टायरची आतली कड झिजली असती. ये, हात लावून बघ. नक्षी सगळीकडे सारखी आहे."