दिवस मावळल्यावरची चव

निपाणीच्या त्या मिठाईच्या कारखान्याचा कुंदा कांताआक्कांच्या जिभेवर उभा होता. अकरा गावांहून अकरा खवेवाले यायचे. आक्का प्रत्येकाच्या डब्यातला बोटभर खवा उचलायच्या, डोळे मिटून टाळूला लावायच्या. धुरकटलेला, आंबलेला, पीठ मिसळलेला, सगळा तिथंच उघडा पडायचा. "भरमू, म्हशीला सरकी लई घातलीस रं," म्हणाल्या की भरमू लाजून हसायचा. हे सारं दिवस असेतो. सूर्य मावळला की आक्का पाणीसुद्धा तोंडात घालत नसत. माहेरातून आणलेला नेम तो.

सून अनुराधा शिकलेली, आणि मायाळूही. खवेवाल्यांचे एसटीचे हेलपाटे, अर्धा दिवस ताटकळणं तिला बघवेना. तिनं टेंपो लावला. टेंपो गावोगाव डबे गोळा करी, रात्री आठाच्या सुमाराला दारात येई. यंत्र खव्यातलं तूप मोजी, मग सगळा खवा एका पिंपात, पिंप थंड खोलीत. पहाटे भट्ट्या पेटायला खोळंबा नाही. खवेवाले खूश झाले. फक्त चाखणं सुटलं.

"आत्ती, यंत्र हाय की आता. तुम्ही विसावा घ्या."

आक्कांनी विसावा घेतला.

ऐन चैत्रात बेळगावच्या दुकानातून चाळीस ट्रे परत आले. कुंद्याला आंबूस वास. अकरांचा खवा एका पिंपात, आता बोट कुणाकडं दाखवायचं? अनुराधानं नोंदी उलगडल्या. त्या दिवशी टेंपो चुकल्यामुळं भरमूचा डबा तेवढा दुपारभर उन्हात राहून, एसटीनं उशिरा आला होता.

"भरमूचा खवा थांबवूया."

"तीस वर्षं झाली गं त्याला," आक्का म्हणाल्या. "त्याला खवा घेऊन येऊ दे. त्याच्या भट्टीत, भांड्यात खोट आसंल तर माझ्या जिभेला कळंल."

"तुम्ही खवा चांगला म्हणालात तर राहू दे त्याला."

निरोप टेंपोवाल्यानंच नेला. भरमूनं सकाळी आटवलेला खवा पळसाच्या पानात बांधला आणि तसाच टेंपोत चढला. दारात आला तेव्हा अंधार पडला होता.

"आक्का, चाखा की जरा."

आक्कांनी आभाळाकडं बघितलं. उजेडाची एक रेघ उरली नव्हती. "दिवस मावळला रं. सकाळी चाखते. थंड खोलीत ठेव."

"तिथं न्हाय ठेवत." भरमूनं पुडकं छातीशी धरलं. "एकदा आत गेला की माझा कुठला आन् दुसऱ्याचा कुठला?"

ओसरीवर पुडकं उशाशी घेऊन तो आडवा झाला. वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

सूर्य उगवला तशा आक्का बाहेर आल्या. भरमूनं पान सोडलं आणि वास त्यालाच आधी आला. आक्कांचा हात पुढं आला होता, तो त्यानं अडवला. स्वतःच बोटभर तोंडात घातला, गिळला.

"आंबलाय, आक्का."

"रात्रभर उकाड्यात होता रं तो."

"व्हय. पर आता कोण मानंल?"

अनुराधा दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण अट तिनंच घातली होती. भरमू पान दुमडून निघून गेला. जाताना त्यानं चहाही घेतला नाही.

"रातीच चाखला आसता तर," आक्का पुटपुटल्या.

"मग चाखायचा होता की, आत्ती," अनुराधा हळूच म्हणाली. त्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच तो आक्कांना जास्त लागला.

आठ दिवसांनी कुंद्याला पुन्हा तोच वास आला. त्या रात्री टेंपो लागला, दहा डबे उतरले, आणि आक्का उठल्या. बाहेर काळोख होता. पहिला डबा, दुसरा, तिसरा. साठ वर्षं मिटलेलं तोंड उघडत, मिटत गेलं. सातव्याला त्या थांबल्या. युवराजचा डबा. सगळ्यात जास्त माल देणाऱ्याचा, यंत्रानं रोज चांगला म्हटलेला. उकरून बघितलं, तर डब्याच्या तळाला शिळा खवा, वर ताजा.

अनुराधानं तिथूनच भरमूला फोन लावला आणि आक्कांच्या कानाशी धरला.

"भरमू, तुझी चूक नव्हती रं. ये परत."

"कशानं ओळखलंसा?"

"चाखून."

"आत्ता? दिवस मावळल्यावर?"

आक्कांनी पदरानं ओठ पुसले.

"म्हशी परवाच्या बाजारात दिल्या, आक्का," भरमू म्हणाला. "चिकोडीला. माझ्यासाठी त्या राती बोटभर चाखला आसता तर..." पुढचं त्यानं गिळलं. "ऱ्हाऊ द्या. तोंड धुवा आन् निजा."