ओ न मिळालेली हाक

मित्रांनो, बूट चढवताना तुम्ही ज्याच्यावर बसता आणि उठल्यावर ज्याच्याकडे वळूनही पाहत नाही, तो जुना लाकडी बाक मी. माझा मुक्काम पोहण्याचा तलाव असलेल्या एका जिममध्ये, बायकांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत. पाठीशी लॉकरची रांग, समोर भिंतभर आरसा, उजव्या हाताला शॉवरच्या खोल्या. बाकाला उजवा हात नसतो हे मला ठाऊक आहे. पण ज्यांना हात होते त्यांनीही या खोलीत त्यांचा फारसा उपयोग केलेला मी पाहिला नाही. तेव्हा एवढी सवलत मी घेतो.

मला घडवणारा सुतार मितभाषी होता. फळ्या जोडून झाल्यावर त्याने माझ्या कडा पुन्हा घासायला घेतल्या, तेव्हा त्याच्या सोबत्याने विचारले की आता हे कशाला, गिऱ्हाईक कडा थोडेच बघणार. "इथं माणसं उघड्या पायांनी बसणार आहेत," सुतार म्हणाला आणि घासत राहिला. सौजन्याची मला मिळालेली पहिली व्याख्या ती. तिच्यात पुढे भर पडेल अशी माझी समजूत होती. मी नवा होतो.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे गेले. येणारी प्रत्येक बाई माझ्यावरून हात फिरवी आणि लाकूड छान आहे म्हणे. खोलीत एकच पाटी होती: मौल्यवान वस्तू हरवल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. लिखित कायदा एवढाच, आणि तो करणाऱ्याला कशाची धास्ती होती हे त्यातून पुरेसे कळत होते. बाकी सारे नियम अलिखित. बसण्याआधी आपला टॉवेल अंथरावा. पिशवी बाकाखाली ठेवावी, बाकावर नव्हे. शेजारणीच्या पोटावरचा टाक्यांचा व्रण दिसला तरी दिसू नये. शॉवरमधून निघताना आपले गळलेले केस आपणच उचलावेत. हे नियम कुणी केले ते मला माहीत नाही. अनोळखी माणसांवर एकमेकांसमोर उघडे होण्याची वेळ आली की ते उगवत असावेत. मोडतात मात्र फार सहज. एकीने पिशवी माझ्यावर ठेवावी आणि दुसरीने काही म्हणू नये, एवढे पुरते.

या खोलीची साफसफाई एक बाई करीत असे. तिला सगळ्या जणी मावशी म्हणत. मित्रांनो, आपल्या भाषेत नाती फार स्वस्त मिळतात. एखाद्या बाईला मावशी म्हटले की तिचे नाव विचारावे लागत नाही, आणि आईच्या बहिणीला जे द्यावे लागते ते तर मुळीच द्यावे लागत नाही. सख्ख्या मावशीच्या पुढ्यात कुणी ओला टॉवेल भिरकावून जात नाही. या मावशीच्या पुढ्यात रोज जात.

मावशीची एक रीत होती. पुसायला येण्याआधी ती दारावर टकटक करी आणि म्हणे, "मावशी आहे. येऊ का?" आणि थांबे. आतून कुणी "या" म्हणे, कुणी "थांबा हं मावशी, कपडे बदलतेय." मग ती थांबे. आत आल्यावर तिची नजर फरशीवर असे. लोक त्याला गरीब स्वभाव म्हणत. मी त्याला शिष्टाचार म्हणतो, आणि या खोलीत तो शेवटपर्यंत एकटी तीच पाळत होती.

कारण पुढे पुढे कुणी ओ देईनासे झाले. कुणाच्या कानात गाणी असत, कुणी केस वाळवत असे, पण खरे कारण कानांत नव्हते. एका हाकेला उत्तर द्यायला खोलीत चार जणी असल्या की प्रत्येकीला वाटे, ते काम दुसरीचे. मावशी दोनदा हाक मारी, जरा थांबे आणि मान खाली घालून आत येई.

अशीच ती एकदा आली तेव्हा समोर रोज येणाऱ्या एक वकीलबाई टॉवेल गुंडाळून उभ्या होत्या. त्यांच्या पिशवीने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत व्यापले होते.

"न विचारता आत यायचं नाही, एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

"विचारलं ना ताई. दोनदा."

"मग मी 'या' म्हटलं का?"

युक्तिवाद बिनतोड होता. जिमच्या मॅनेजर मॅडमनी त्याच दिवशी मावशीला बजावले की आतून ओ आल्याशिवाय उंबऱ्यात पाऊल टाकायचे नाही. पुन्हा तक्रार आली तर घरी बसावे लागेल. दुपारी खोली रिकामी असताना मावशी माझ्यावर आपल्या जाऊबाईंसोबत टॉवेलच्या घड्या घालत बसली होती. जाऊबाई इथेच कपडे धुण्याच्या कामाला होत्या. त्या म्हणाल्या, "तू तोंड उघडूच नकोस बाई, मान हलवायची आणि पुढं जायचं." मावशी म्हणाली, "पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. तेवढं निघू दे, मग उघडते तोंड."

त्यानंतर ती अक्षरशः उत्तराची वाट पाहू लागली. उत्तर येईना तेव्हा बादली घेऊन बाहेर उभी राही, आणि खोली रिकामी झाल्यावर घाण काढी.

एका सकाळी शॉवरच्या जाळीवर शाम्पूची रिकामी पुडी आणि केसांचा गुंता बसला आणि पाणी बाहेर यायला लागले. वकीलबाई आरशासमोर केस वाळवीत होत्या. दोन तरुणी एकमेकींचे दंड तपासत होत्या. शॉवरमध्ये होत्या मोठ्या बाई. या निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी त्यांना पोहायला सांगितले होते. उभा जन्म त्यांनी वर्गात हजेरी घेतली होती. नाव पुकारल्यावर जे मूल उत्तर देत नसे, त्याला त्या दिवसभर बाकावर उभे करीत, असे त्या माझ्यावर बसून हसत हसत सांगत. मला ते कधी विनोदी वाटले नाही.

दारावर टकटक झाली. "मावशी आहे. पाणी बाहेर आलंय, येऊ का?"

आरशातल्या तिन्ही चेहऱ्यांपैकी एकही हलला नाही. शॉवरचा आवाज मात्र थांबला. मोठ्या बाईंनी नळ बंद केला होता. त्यांनी ऐकले, आणि नळ पुन्हा सोडला.

मावशीने पुन्हा विचारले. मग आणखी एकदा, जरा चढ्या आवाजात. पाणी माझ्या पायांशी आले. दाराच्या फटीत तिच्या पोछ्याची झालर दिसत होती. ती आत सरके आणि मागे जाई. शेवटी मोठ्या बाई बाहेर आल्या, दुसऱ्या पावलालाच घसरल्या आणि माझ्या कडेवर मनगट आपटून खाली बसल्या. त्यांची किंकाळी ऐकू येताच मावशी परवानगीशिवाय आत धावली. त्या दिवशी तिने नियम मोडला तो एवढाच.

मॅनेजर मॅडम आल्या. वकीलबाईंनी वस्तुस्थिती नेमक्या शब्दांत मांडली: फरशीवर पाणी होते आणि सफाईची बाई दाराबाहेर उभी होती.

"दिसत होतं तर आत का नाही आलात?" मॅडमनी विचारले.

"तुम्हीच सांगितलं होतं मॅडम, ओ आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही."

"अहो, पण डोकं वापरायचं की नाही?"

मित्रांनो, हे वाक्य मी पुष्कळदा घोळवून पाहिले. नियम पाळला तर डोके नाही, डोके चालवले तर रीत नाही. एका माणसाला दोन्ही बाजूंनी बंद करणारे इतके उत्तम कुलूप आमच्या लॉकरांनाही नाही.

मॅडमनी खोलीला विचारले की हिने हाक मारली होती का. तरुणींनी एकमेकींकडे पाहिले. वकीलबाई म्हणाल्या, "मी काही ऐकल्याचं मला आठवत नाही." वाक्य उलटतपासणीत टिकेल असे होते. मग सगळ्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिले. त्या माझ्यावर बसल्या होत्या, मनगट ओल्या टॉवेलात. मावशी गुडघ्यांवर बसून त्यांच्या पायांत चपला घालत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "सांगा ना बाई. तुम्ही नळ बंद केला होता."

मोठ्या बाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "माझा हात फार दुखतोय. मला आधी जाऊ दे."

मावशीने दुसऱ्या पायातली चप्पल नीट केली, पट्टा लावला आणि त्यांना हाताला धरून दारापर्यंत नेले. मग परत येऊन जाळी साफ केली आणि फरशी कोरडी केली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तिच्या मुलीच्या शेवटच्या वर्षाचे काय झाले, हे या खोलीत कुणी कुणाला विचारले नाही.

आता ठेकेदाराने पाठवलेल्या बायका येतात. त्या टकटक करीत नाहीत. दार लोटतात, बादली आत सारतात आणि तुमच्या पायांवरून पोछा फिरवतात. परवा वकीलबाई आरशात पाहत म्हणाल्या, "यांना काही रीतभात नाही बाई. मावशी बरी होती, विचारून तरी यायची."

हाताचे प्लास्टर नुकतेच निघालेल्या मोठ्या बाई माझ्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "विचारायची. मला ऐकू यायचं."

"काय म्हणालात?" वकीलबाईंनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता केस वाळवण्याचे यंत्र सुरू केले.

मित्रांनो, माझे पॉलिश गेले आहे, एक पाय डगमगतो, आणि लवकरच माझ्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्च्या येणार आहेत असे ऐकतो. माझी डागडुजी करा असे मी म्हणत नाही. मागणे वेगळेच आहे. दाराबाहेर थांबून कुणी "येऊ का?" विचारले, तर "या" म्हणा. नको असेल तर "थांबा" म्हणा. थांबायला त्यांची ना नसते. आणि दोन्हीपैकी काहीच म्हणायचे नसेल, ऐकूनही गप्पच बसायचे असेल, तर ते कृपा करून माझ्यावर बसून करू नका. ओल्या फरशीवर जागा पुष्कळ आहे.