दोन पोटांची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे आणि मला दोन पोटं आहेत. एका पोटात पेट्रोल जातं, दुसऱ्यात वीज. वीज भरायची ती घरातल्या प्लगवरून, मोबाईल चार्ज करतात तशी. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पहिले मालक पुण्याचे. त्यांनी मला हौसेनं घेतलं, पण रोज वायर जोडायचा त्यांना कंटाळा. माझं विजेचं पोट बहुतेक उपाशीच राहिलं. पुढे त्यांना नवी गाडी आवडली आणि मी विकले गेले.

मला घेतलं कोल्हापूरच्या अतुलनं. अतुल कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. त्याची बायको रूपाली गारगोटीच्या हायस्कूलमध्ये शिकवते. तेव्हा ती तिकडेच खोली घेऊन राहायची आणि रविवारी घरी यायची. घरात अतुलची आई, शालनआजी. एका सकाळी आजींना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं विस्कटलं. मनात एक असायचं आणि तोंडातून भलताच शब्द यायचा. पाण्याला त्या 'कुलूप' म्हणायच्या, उशीला 'बैल'. पोटच्या मुलाला ते उमगेना. रूपालीला मात्र उमगायचं. कसं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

म्हणून रूपालीनं रोज घरी यायचं ठरवलं. एसटीच्या दोन्ही वेळच्या प्रवासानं तिची कंबर धरली. रोज पेट्रोल जाळणंही परवडणारं नव्हतं. तेव्हा अतुलनं कर्ज काढून मला आणलं. पहिल्या दिवशी मला बुद्धविहारात नेलं. तिथून घरी आल्यावर शालनआजींनी माझ्या दारावरून हात फिरवला आणि त्या म्हणाल्या, "सून."

अतुल हसला. "आई, गाडी हाय ही."

"त्यांना म्हायती हाय," रूपाली म्हणाली. "सुनेला घरी आणणारी, असं म्हणायचंय त्यांना."

ते दिवस माझे फार चांगले गेले. पहाटे मी पोट भरून निघायचे. शाळेत मुख्याध्यापिका संयोगिता मॅडमनी पोर्चमधला प्लग मला दिला होता, विजेचे पैसे मात्र रूपाली न चुकता भरायची. गल्लीतले लोक म्हणायचे, "आवाजच न्हाय की हो हिला!" रविवारी रूपाली आजींना माझ्यातून रंकाळ्यावर न्यायची. वाटेत आजी काहीबाही म्हणायच्या.

"ताट लाव गं."

"काच वर करू व्हय, आत्ती?"

आजी मान हलवायच्या. मग त्या खूप बोलायच्या. माहेरच्या गोष्टी, अण्णासोंच्या, म्हणजे त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या गोष्टी. सगळे शब्द चुकलेले, आणि रूपाली योग्य जागी हसायची, योग्य जागी गप्प व्हायची.

पहिलं दुखणं चार्जरचं निघालं. वीज आत जाईना. पुण्याला नेऊन तो बदलला, त्यात अतुलची वर्षभराची शिल्लक गेली. तरी तो कुरकुरला नाही. त्यानं मला धुतलं, पुसलं, वेळेवर सर्व्हिसिंग केलं. आता सगळं ठीक होईल, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

पण एका संध्याकाळी शाळेतून घरी येताना मुदाळतिट्ट्याच्या अलीकडे माझ्या अंगातली शक्तीच गेली. समोर लाल दिवा लागला. रूपालीनं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. मग अतुलला फोन केला.

"अहो, गाडी बंद पडली. तुम्ही आधी घरी जावा. आत्ती वाट बघत असतील."

"आणि तू?"

"मी येतो एसटीनं. तुम्ही जावा की!"

घरी काय झालं, ते मला पुढे कळलं. नंतर एकदा रूपाली माझ्यात बसून संयोगिता मॅडमना फोनवर सांगत होती, तेव्हा मी ऐकलं. अतुल पोहोचला तेव्हा आजी दारात उभ्या राहून एकच शब्द म्हणत होत्या, "गव्हाण, गव्हाण." त्यानं पाणी दिलं. जेवण दिलं. शाल आणली. आजी रडू लागल्या, तोही रडकुंडीला आला. रूपालीनं घरात पाऊल टाकताच त्यांना धरून न्हाणीकडे नेलं. पण तोवर लुगडं ओलं झालं होतं. त्या रात्री आजी कुणाकडे बघत नव्हत्या.

मला ओढत उद्यमनगरात जोतीराम मिस्त्रीकडे नेलं. त्यानं दोन दिवस तपासलं.

"इंजिन एक नंबर हाय," तो अतुलला म्हणाला. "पण मोठी बॅटरी आतनं गेलीय."

"मग नुसती पेट्रोलवर चालवू."

"तसं हुत न्हाय, दादा. ही बॅटरी हूं म्हटल्याबिगर इंजिन सुरूच हुत न्हाय. आणि तिच्यात मी हात घातला तर शॉक लागून मीच जाईन."

पुण्याच्या गॅरेजनं सांगितलं, बॅटरी उघडत नाही, सबंधच बदलावी लागते. परदेशातून मागवायची. तिची किंमत अतुलनं मला घेतलं त्याहून जास्त होती. मग त्यानं कुठूनशी वापरलेली बॅटरी मागवली. ती बसवली, पण माझ्या संगणकानं तिला ओळखलंच नाही. ती विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. दुसरी गाडी घ्यावी, तर माझे हप्ते अजून चालूच होते.

रूपालीनं बदली मागितली, पण जागा नव्हती. आजींना गारगोटीच्या खोलीवर नेऊन पाहिलं. रूपाली शाळेत गेली की त्या परक्या गावात त्या रस्त्यावर निघून जायच्या, म्हणून परत आणावं लागलं. शेवटी रूपाली पुन्हा एकटीच तिकडे राहायला गेली.

आजींसाठी बयाबाई येतात. त्या मायाळू आहेत. "काय पायजे, आक्का? भाकरी? औषध?" असं एकेक विचारत राहतात. आजी आधी चिडायच्या. मग हातानं खुणा करू लागल्या. मग तेही कमी झालं. फोनवर रूपाली दिसली की त्या नुसत्या पडद्याकडे बघत राहतात.

मित्रांनो, अशा वेळी मी तुम्हाला म्हणायला हवं की आपल्या वस्तू जपा. पण मला तर जपलं होतं. माझी हेळसांड कुणीच केली नाही, आणि तरी मी घराच्या भिंतीला लागून उभी आहे, टायर बसलेले, भंगारवाल्याच्या प्रतीक्षेत. एवढंच सांगते: कुठलीही वस्तू घरात आणताना ती बिघडली तर कोण उभं राहील, हे आधी विचारा. तिच्या भरवशावर माणूस असेल, तर दोनदा विचारा. आणि वस्तू घडवणारे तुमच्यापैकी कुणी झालात, तर ती उघडता येईल अशी घडवा.

गेल्या रविवारी रूपाली आली. आजींना हाताला धरून तिनं माझ्याजवळच्या कट्ट्यावर उन्हात बसवलं, केस विंचरले.

"आत्ती, मी आलोय. बोला की काहीतरी. चुकलं तर चुकू द्या."

आजींनी तिच्याकडे बघितलं. ओठ हलले आणि मिटले. रूपालीनं फणी खाली ठेवून त्यांच्या ओठांजवळ कान नेला. मग आतून अतुलनं विचारलं, "काय म्हणती आई?"

"काय न्हाय," रूपाली म्हणाली.