टाकी ते टाकी

“तीन पॉइंट सहा,” शेठनी मोबाइलवरचा हिशेब माझ्या नाकासमोर धरला. “मिस्त्री, आठवडाभर इंजिन उघडून बसलात आणि ॲव्हरेज वाढलं किती? नखभर!”

मी हात पुसत राहिलो. खरं तर ते मघाशीच पुसून झाले होते.

“लिटरला साडेचार किलोमीटर सांगितलं होतं मी. संध्याकाळी पाचला भंगारवाला क्रेन घेऊन येतोय. तोवर आकडा आला तर गाडी राहील, नाहीतर जाईल. बाकीच्या गाड्या नव्या आहेत, त्यांवर नवी माणसं आहेत. काकांना मी कुठे बसवू, तुम्हीच सांगा.”

काका म्हणजे या ट्रकचे ड्रायव्हर, माझे दाजी. थोरल्या बहिणीचा नवरा. सव्वीस वर्षं त्यांनी हा एकच ट्रक चालवला. आत्ताही ते टायरला टेकून, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय अशा चेहऱ्याने चहा पीत होते.

मी काही बाकी ठेवलं नव्हतं. सहाही नोझल काढून तपासले, दोन बदलले. टॅपेटची फट पातीने मोजून लावली, डिझेल पंपाचं टायमिंग जुळवलं, एअर फिल्टर नवा टाकला. चाकं जॅकवर उचलून ब्रेक घासतो का ते हाताने फिरवून पाहिलं. सायलेन्सरपुढे पांढरा रुमाल धरला तर तो जवळजवळ पांढराच राहिला. इंजिन इतकं मऊ चालत होतं की मीच माझ्यावर खूश झालो होतो. आकडा मात्र हलायला तयार नव्हता. ताईच्या घराची काळजी जास्त की माझ्या नावाची, हे मी स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तर आवडलं नसतं.

आमच्याकडे ॲव्हरेज काढायची एकच खात्रीची रीत आहे, टाकी ते टाकी. ठरलेल्या पंपावर, ठरलेल्या जागी गाडी उभी करायची आणि टाकी गळ्यापर्यंत भरायची. मग दोघांनी मागच्या फाळक्याच्या फळीला धरून गाडी हलवायची, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड करत निघते आणि आणखी थोडं डिझेल मावतं. त्याच गोण्यांचा भार, तोच पन्नास किलोमीटरचा फेरा, आणि परत आल्यावर पुन्हा तसंच भरायचं. जेवढं मावेल तेवढं गाडी प्यायली.

दुपारी एकला टाकी भरली. मी क्लीनरच्या बाजूने केबिनमध्ये चढलो.

“तू कशाला?” दाजी म्हणाले. “माझ्यावर विश्वास नाही?”

“इंजिनाचा आवाज रस्त्यावर ऐकायचाय.”

“ऐक मग. पण बडबड करू नकोस.”

दहा मिनिटं मी नुसता कान देऊन बसलो. आवाजात खोट नव्हती. मग माझी नजर त्यांच्या पायाकडे गेली. सरळ, मोकळा रस्ता, आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्येच कण्हत होती.

“दाजी, टॉप टाका की.”

“टाकतो.”

टाकला नाही. चौक लांब होता तरी ब्रेक दाबला, मग गाडी पुन्हा खालच्या गिअरमधून उचलली. रिकाम्या रस्त्यावर असं तीनदा झालं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मान जराशी तिरकी करून ते रस्त्याच्या कडेकडे बघत होते.

पुढे एक माणूस सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. दाजी ब्रेक दाबतील म्हणून मी वाट पाहिली. ते दाबेनात.

“दाजी! ब्रेक!”

मागच्या गोण्या धडाधड पुढे सरकल्या. ट्रक थांबला तेव्हा तो माणूस बंपरपासून हातभर अंतरावर होता. त्याने आम्हाला सणसणीत शिव्या घातल्या आणि तो निघून गेला.

“कुठून आला हा?” दाजींनी विचारलं.

“कुठून म्हणजे? कधीचा समोरच होता.”

त्यांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

“दीड वर्ष झालं,” ते म्हणाले. “मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, पण समोर बघायला गेलं की नेमकं समोरचंच जातं. डॉक्टर म्हणाला, आतला पडदा खराब झालाय, चष्म्याने काही होणार नाही.”

“ताईला ठाऊक आहे?”

“तिच्या जिवाला कशाला घोर?”

मला असा राग आला की दार आपटून खाली उतरावंसं वाटलं. “आणि मी मूर्खासारखा आठवडाभर इंजिन खोलत बसलो!”

“तू मनापासून करत होतास,” ते म्हणाले. “मला वाटलं, इंजिन सुधारलं की त्यात माझंही झाकून जाईल.”

दोन वाजत आले होते.

“इकडे सरका,” मी म्हणालो. “मी चालवतो. आकडा येईल. पुढचं पुढे बघू.”

पुढचं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. उद्या सकाळी पुन्हा दाजीच या सीटवर बसणार. त्या सायकलवाल्याचा विचार मी मुद्दाम टाळला.

दाजी सरकले. पंपावर परत येऊन आम्ही टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली आणि नवा फेरा सुरू केला. निघताना ताईचा फोन आला. “आला का रे आकडा?” मी म्हटलं, “येतोय.” इंजिन टॉपमध्ये सुरेख चाललं होतं, आणि त्या दिवशी मला त्याचा अजिबात आनंद झाला नाही.

साडेचारला पोहोचलो. शेठ पंपाच्या ऑफिसात बसले होते, त्यामुळे गाडी कोण चालवत आलं ते त्यांनी पाहिलं नाही. डिझेल भरलं, गाडी हलवली, पुन्हा भरलं. शेठ बाहेर आले आणि त्यांनी दोनदा भागाकार केला.

“चार पॉइंट आठ! काका, कमाल केलीत! मिस्त्री, दोष होता तरी कुठे?”

ब्रेक घासत होता, असं सांगायचं मी वाटेतच ठरवलं होतं. मी तोंड उघडलं.

“माझ्यात होता, शेठ,” दाजी म्हणाले. “गाडी यानं चालवली. मला समोरचं दिसत नाही. आज एक माणूस मरता मरता वाचला.”

शेठनी मोबाइल खिशात ठेवला. “काका, आधी सांगायचं होतं.”

“हो. आधीच सांगायचं होतं.” दाजींनी खिशातून जादा किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. “भंगारवाल्याला परत पाठवा. गाडीत काही खोट नाही. हिच्यावर चांगल्या नजरेचा माणूस बसवा, म्हणजे झालं.”

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं याचीच मला लाज वाटली. जे मी बोलायला हवं होतं, ते त्यांना बोलावं लागलं होतं.

आम्ही चालत घरी निघालो. ताईला काय सांगायचं, हा विषय दोघांनीही काढला नाही. मोठा रस्ता आला तसे दाजी कडेला थांबले. त्यांनी हात लांब करून चाचपडत माझा दंड धरला.

“येतंय का रे काही?”

“ट्रक येतोय. जाऊ द्या.”

“भरलेला आहे,” आवाजावरून ते म्हणाले.

ट्रक गेला, आणि मग आम्ही रस्ता ओलांडला.