न पडलेला स्विच

आमचा फ्रिज चावतो, ही तक्रार बायकोने वर्षभर लावून धरली होती. मी तिला पायात चपला घालून दूध काढायचा सल्ला दिला होता. सुशिक्षित माणसाकडे प्रत्येक अडचणीवर असा एक उपाय असतोच, ज्यात त्याला स्वतःला खुर्चीतून उठावं लागत नाही. पण मुलगी बाळाला घेऊन महिनाभर राहायला येणार असं ठरलं, बाळ नुकतंच रांगायला लागलं होतं, आणि बायको म्हणाली, "अहो, आता त्यालाही चपला घालून रांगायला शिकवणार का?"

म्हणून वायरमन आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, चष्म्याला मागून दोरी बांधलेला. त्याने फ्रिजच्या दाराला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"वहिनी, किती दिवस चालू आहे हे?"

"वर्ष झालं."

"आणि साहेब काय करत होते?"

"साहेब विचार करत होते," बायको म्हणाली.

त्याने स्वयंपाकघरातला प्लग उघडला, आत बघून मान हलवली आणि बाहेरच्या खोलीत येऊन मेन बोर्डापुढे स्टूल ठेवलं. "अर्थिंग येतच नाहीये कुठे. वायरिंग कोणाचं आहे?"

"माझ्या धाकट्या भावाचं," मी म्हणालो.

हे वाक्य मी अकरा वर्षं एका ठरावीक सुरात म्हणत आलो आहे. नातेवाइकांना तो सूर पाठ आहे. तो ऐकला की ते खाली बघतात आणि कोणीतरी चहाचं विचारतं.

अकरा वर्षांपूर्वी आमची आई न्हाणीघरात गीझरचा शॉक लागून गेली. बादली भरायला तिने नळाला हात लावला, एवढंच. घरभर माणसं जमली, आणि अशा वेळी कोणीतरी विचारतंच, तसं विचारलं, "वायरिंग कोणी केलं होतं?" मी म्हणालो, "धाकट्याने." उत्तर शंभर टक्के खरं होतं. त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

तो भिंतीला टेकून उभा होता. जरा वेळाने माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, तो स्विच पडला नाही?"

"नाही पडला," मी म्हणालो. हेही खरंच होतं.

तो मेन बोर्डाकडे वळला तेव्हा मी म्हणालो, "हात लावू नकोस. पुष्कळ केलंस." सगळ्यांसमोर. त्याने हात मागे घेतला. त्यानंतर त्याने विजेच्या कुठल्याच वस्तूला हात लावला नाही. अवजारं देऊन टाकली, सासुरवाडीच्या गावी गेला आणि तिथे वह्या-पेनांचं दुकान टाकलं. विजेशी त्याचा संबंध आता एवढाच, की तो घड्याळाचे सेल विकतो.

वायरमनने मेन बोर्डाचं झाकण काढलं आणि काही वेळ नुसता बघत राहिला.

"तुमचा भाऊ अजून काम करतो का हो?"

"का?"

"नाही, म्हटलं करत असेल तर माझ्या साइटवर घेऊन जातो. हे बघा." त्याने पेचकसाच्या टोकाने दाखवलं. "प्रत्येक वायरला नंबर. एक वळण तिरकं नाही. पुढे कधी लागली तर म्हणून प्रत्येक वायर वीतभर जास्त सोडलीय. आणि हा आरसीसीबी. करंट कुठे गळायला लागला, म्हणजे समजा माणसाच्या अंगातून जायला लागला, की हा पडतो आणि सगळं घर बंद करतो. पापणी लवायच्या आत. त्या काळी घरात कोण बसवत होतं हा? लोक म्हणायचे, कशाला नसता खर्च."

त्याने चष्मा वर केला आणि अजून जवळ गेला.

"अरेच्चा. हे कोणी केलं?"

मला जागेवरूनही दिसत होतं. मी अकरा वर्षं ते झाकण उघडलं नव्हतं, पण आत काय आहे ते मला ठाऊक होतं.

"वहिनी, इकडे या. स्विचची दांडी वर आहे, बरोबर? आपल्याला वाटणार, चालू आहे. पण ही खालची वायर बघा. हिने करंट बाहेरच्या बाहेरून नेलाय. डायरेक्ट. स्विच नुसता शोभेला. आणि ही हिरवी, अर्थिंगची, काढून वर टेप गुंडाळलाय. हे त्या माणसाचं काम नाही. ज्याने हे बसवलं त्याचा हात असा फिरणार नाही. हे नंतर कोणीतरी येऊन केलंय."

"असं कशाला करेल कोणी?" बायकोने विचारलं.

"स्विच सारखा पडतो म्हणून. लोकांना वाटतं स्विच खराब आहे. घरात दुसरंच काहीतरी खराब असतं. आणि एक सांगतो, आमच्यातला कोणी आपल्या मनाने डायरेक्ट करत नाही. घरमालक सांगतो."

बायकोने माझ्याकडे बघितलं. त्या सुट्टीत ती मुलीला घेऊन बाळंत झालेल्या बहिणीकडे गेली होती. घरात आई आणि मी.

स्विच आठवड्यातून चारदा पडायचा. धाकटा तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा एकच म्हणाला, "दादा, गीझर गळतोय, तो बदल." मला वाटलं, स्वतःचं काम चुकलंय ते गीझरवर ढकलतोय. मग एका रविवारी मॅच अटीतटीला आलेली, शेवटच्या चार चेंडूंत नऊ हवे होते, आणि घर बंद झालं. मी खाली उतरलो आणि नाक्यावर जो पहिला वायरमन दिसला त्याला वर घेऊन आलो. "कायमचं करून टाका," मी म्हणालो. त्याने दहा मिनिटांत कायमचं केलं. आई म्हणाली होती, "अरे, त्याला विचार तरी." मी म्हणालो, "त्याला काय कळतंय?" मॅच आम्ही हरलो होतो.

सात आठवड्यांनी आई गेली.

"तुम्ही सांगितलंत?" बायकोने विचारलं.

मी विचार करत होतो.

"अहो, मी काय विचारतेय?"

"हो."

वायरमन एकदम पिशवीत काहीतरी शोधायला लागला. बराच वेळ शोधत होता. मग उगाच हातात आल्यासारखं त्याने झाकण उलटं केलं आणि म्हणाला, "इथे मागे काहीतरी चिकटवलंय."

वहीचा चौकोनी कागद होता, वरून पारदर्शक टेप. बारीक, सरळ रेषेतलं अक्षर: *हा पडला तर घरात कुठेतरी करंट गळतोय असं समज. परत परत वर करू नकोस. मला फोन कर.* खाली नंबर. बोर्ड उघडणारा मीच असणार, असं त्याने धरलं होतं.

"फोन करा," बायको म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. पंचवीस वर्षांत ती माझ्यावर पुष्कळ ओरडली आहे. त्या क्षणी ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

नंबर तोच होता. त्याने तिसऱ्या रिंगला उचलला.

"दादा?" अकरा वर्षांनी. "कोण गेलं?"

आमच्यात फोन फक्त त्यासाठीच येऊ शकतो, हे त्याचं गणित चुकीचं नव्हतं. मी म्हणालो, कोणी नाही. आणि मग सांगितलं. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही. मॅच, नाक्यावरचा माणूस, वायर, टेप. मॅचचं सांगायलाच पाहिजे होतं असं नाही, पण सांगितलं.

पलीकडून दुकानाचा आवाज येत होता. कोणीतरी रेघांची वही मागत होतं.

"म्हणजे माझा स्विच चांगला होता," तो म्हणाला.

"हो."

"मी तो बसवून सहा वेळा तपासला होता. सहाही वेळा पडला. मी रोज मोजतो, दादा. सहा. मला वाटायचं, सातव्यांदा बघायला हवं होतं. आई ओरडली होती का?"

"नाही."

"हिरवी वायरपण काढली त्याने?"

"हो."

"टेप तरी नीट लावला होता?"

"ये ना एकदा," मी म्हणालो. "बाळ येतंय. तू ये."

"कोण आहे तिथे वायरमन? त्याला दे."

मी फोन दिला. वायरमन "हो दादा, हो दादा," करत ऐकत राहिला. वयाने तोच मोठा असावा. मध्येच त्याने चष्मा काढून बाहीला पुसला. मग फोन परत माझ्याकडे आला.

"त्याला सगळं सांगितलंय," धाकटा म्हणाला. "स्विच जुना झाला, नवा घाल. त्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. पडला पाहिजे. विसरू नकोस, घरात बाळ आहे."

"नाही विसरणार."

"आणि दादा, मला फोन करू नकोस."

मग लगेच दुकानातल्या आवाजात कोणाला तरी म्हणाला, "हां, बोला, शंभर पानी की दोनशे?" आणि फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत काम झालं. फ्रिज आता चावत नाही. बायको तरीही चपला घालूनच दार उघडते. माझ्याशी ती कामापुरतं बोलते, पण काम पुष्कळ असतं. मुलगी आली, बाळ घरभर रांगून गेलं. तिला काकाबद्दल मी सांगितलं. नातेवाइकांनाही एकेकाला फोन करून सांगतो आहे. ते ऐकून घेतात, आणि "जाऊ द्या, आता काय त्याचं," म्हणतात.

दर एक तारखेला सकाळी मी बोर्डाचं झाकण काढतो. चिठ्ठी तिथेच आहे. वायरमनने काढू का विचारलं तेव्हा मी नको म्हणालो. मी बटण दाबतो. स्विच पडतो, पंखा मंदावत थांबतो, फ्रिजची घरघर बंद होते. खरंच, पापणी लवायच्या आत.

आतून बायको विचारते, "एक तारीख?"

"हो," मी म्हणतो, आणि दांडी वर करण्याआधी तो नंबर एकदा वाचतो.