शेवटचे आठ प्रश्न

माझी बायको मार्लीस गेल्याचं मला पोलिसाने पंपघराच्या दारात उभं राहून सांगितलं. जुलैची सतरा तारीख, सकाळचे नऊ. जमीन मोजणीच्या कार्यालयात कामाला जाताना, गाडी चालवतानाच तिचं हृदय बंद पडलं. गाडी रस्ता सोडून मक्याच्या शेतात थांबली होती.

त्याच सकाळी निघताना ती म्हणाली होती, "ग्रेटाला रविवारी सांगते मी. तू मध्ये बोलू नकोस."

ग्रेटा आमची मुलगी. इंजिनिअरिंगला चालली होती. कॅल्क्युलसच्या पहिल्या कोर्सला बसायचं की थेट दुसऱ्याला, हे कॉलेज एका परीक्षेवरून ठरवतं. ती घरीच संगणकावर द्यायची असते, कुणाची मदत न घेता. परीक्षा चालू असताना शेजाऱ्यांच्या गायी कुंपण मोडून रस्त्यावर आल्या आणि ग्रेटा धावली. वेळ संपत आली होती. उरलेले आठ प्रश्न मार्लीसने सोडवले आणि पाठवून दिले. मुलीला म्हणाली, तू केलंस तेवढंच गेलं. खरं काय ते फक्त मला सांगितलं; तेच ती रविवारी ग्रेटाला सांगणार होती.

जुलैच्या सुरुवातीला निकाल आला. थेट दुसरा कोर्स.

"आठ प्रश्न सोडून एवढे मार्क, बाबा!" ग्रेटा नाचत होती. मार्लीस सिंककडे तोंड करून भांडी घासत राहिली.

ऑगस्टमध्ये मी म्हटलं, "पहिल्यापासूनच घे ना. पाया पक्का होईल."

"तुला भागाकार तरी येतो का रे बाबा?" ती हसली. मग हसू गेलं. "आई म्हणाली होती, तू तयार आहेस. आता मी खालच्या वर्गात जाऊन बसू?"

मी कॉलेजला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "मुलगी अठराची आहे. तिच्या परवानगीशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही."

"तुम्ही सांगू नका. नुसतं ऐका. त्या परीक्षेबद्दल आहे."

"परीक्षेत काही गैर झाल्याचं ऐकलं, तर मला तिच्या नावावर नोंद करावी लागेल, साहेब."

मी फोन ठेवला.

सप्टेंबरात तिचे फोन आखूड होत गेले. पहिल्या चाचणीत शंभरात एकोणतीस. "भरून काढीन," म्हणाली. जेवलीस का विचारलं, तर म्हणाली, वेळ नाही. पहिल्या कोर्सला उतरायची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत होती. दुसऱ्यात नापास झाली, तर इंजिनिअरिंगची जागा जाणार होती.

शुक्रवारी दोन तास गाडी चालवून मी गेलो. वसतिगृहाच्या पायऱ्या उतरताना तिने कठडा धरला होता. मनगटं काडीसारखी झाली होती.

"काय झालं बाबा? कोण गेलं?"

"कुणी नाही. सूप आणलंय."

माझ्या पिकअप ट्रकमध्ये बसून तिने दोन चमचे घेतले. मग झाकण लावत म्हणाली, "आई मला तयार म्हणाली होती ना? तुझ्यासमोर?"

"म्हणाली होती."

"मग मीच कुठेतरी कमी पडतेय."

साडेचारला ती ग्रंथालयात गेली. मी ट्रकमध्येच बसून होतो. पाच वाजून गेले. त्या आठ प्रश्नांबद्दल मी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.